अकरा वस्त्या, एक टाचणी

मागचे तीन शनिवार-रविवार मी इथून गायब होतो. ऑफिसचं काम हे कारण नेहमीचंच, पण या वेळी खरं कारण वेगळं होतं. एक नकाशा करत होतो. म्हणजे आधी केला, मग त्याने घोळ घातला, मग निस्तरला, आणि या सगळ्याच्या मधल्या रात्री नकाशांचा इतिहास वाचत जागलो. आज त्याबद्दल. जरा लांबलंय, तेव्हा चहा घेऊनच बसा.

तर झालं असं. माझा कॉलेजातला मित्र मिलिंद एका छोट्या संस्थेबरोबर पाण्याचं काम करतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा एक तालुका. पाऊस सगळा मावळातच पडून जातो, तिथवर पोचेपर्यंत ढगांत नुसता वारा उरतो. उन्हाळ्यात ज्या वाड्या-वस्त्यांपर्यंत सरकारी टँकर पोचत नाही, तिथे ही मंडळी देणगीच्या पैशातून टँकर पाठवतात. मिलिंदकडे एक भलीमोठी एक्सेल शीट होती. विहिरी, बोअर, टाक्या, वस्त्या, आणि प्रत्येकीपुढे अक्षांश-रेखांश. मला म्हणाला, "तू जावास्क्रिप्टवाला ना? मग हे नकाशावर टाकून दे की. एका रविवारचं काम आहे."

मीही म्हटलं, हो, एका रविवारचं काम आहे.

पहिल्या रविवारी दुपारी पान रिफ्रेश केलं तर तालुका कोरा. एकही मार्कर नाही. झूम आउट करत करत गेलो, महाराष्ट्र गेला, भारत गेला, आणि मग सापडलं सगळं गबाळ. नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रात, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या शेजारी आमच्या सगळ्या विहिरी सुखाने डुंबत होत्या. कारण जो कोणी नकाशांशी खेळलाय त्याला लगेच कळलं असेल: अक्षांश आणि रेखांश उलटे पडले. पुण्याचे आकडे साधारण १८.५ आणि ७३.९. ते उलटे वाचले की तुम्ही थेट ७३.९ उत्तर अक्षांशावर. थोडं पूर्वेला सरका, की बेअर आयलंड. (नागपूरकरांनो, तुम्ही उलटे झालात तर थेट स्वालबार्डजवळ निघता. संत्री जपा.)

यात माझी चूक होतीच, पण थोडी आपल्या धंद्याचीही आहे. खलाशी पहिल्यापासून आधी अक्षांश सांगतात, मग रेखांश. गूगल मॅप्स आणि लीफलेट त्याच चालीने जातात. पण जिओजेसन हा जो डेटाचा सर्वमान्य साचा आहे, तो गणिताच्या चालीने जातो, आधी क्ष, मग य, म्हणजे आधी रेखांश. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये आपण. अशा चुकीची एक गोष्ट मात्र चांगली असते, ती लपत नाही. विहिरी समुद्रात दिसल्या की माणूस हसतो आणि दुरुस्त करतो. मीही केलं. संध्याकाळी सहापर्यंत नकाशा तयार. निळ्या टाचण्या वस्त्यांच्या, हिरव्या चालू विहिरींच्या, करड्या आटलेल्यांच्या. प्रत्येकीवर क्लिक केलं की छोटी खिडकी, त्यात नाव, घरं, माणसं. उजव्या कोपऱ्यात थर चालू-बंद करायच्या चौकटी. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

मिलिंदने त्याची मोठी प्रिंट काढली, भिंतीवर लावली, आणि पेन्सिलने टँकरच्या फेऱ्या आखल्या. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या डोक्यावर, एक निळी टाचणी होती. तिथे नळ आहेत, टँकरची गरज नाही, म्हणून त्याने ती खोडून टाकली. अगदी बरोबर केलं. मीही तेच केलं असतं.

चौथ्या दिवशी त्याला एका बाईंचा फोन आला. "दादा, यादीत आमच्या वस्तीचं नाव हाये ना? मग टँकर का नाय आला?" मिलिंदने शीट उघडली. नाव होतं. नकाशा पाहिला. टाचणी नव्हती. मग त्याने मला फोन केला, आणि मी ऑफिसातल्या मीटिंगमधून उठून बाहेर आलो.

ती एसटी स्टँडवरची टाचणी एक नव्हतीच. त्या अकरा होत्या. अकरा वस्त्यांचे अक्षांश-रेखांश शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे, आणि म्हणून अकराही टाचण्या एकीवर एक, पत्त्यांच्या गड्डीसारख्या. वरून दिसणार एकच. शीट भरताना कुणीतरी वस्त्यांची नावं एका ऑनलाइन सेवेला देऊन त्यांचे आकडे मागवले होते. ज्या वस्त्या त्या सेवेला सापडल्या नाहीत, त्यांच्यासाठी तिने तालुक्याच्या मध्यबिंदूचे आकडे दिले. न कळवता दिले असंही नाही हो! शीटमध्ये शेवटच्या रकान्यात "अंदाजे" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो रकाना मीच गाळला होता. क्लिक केल्यावर येणाऱ्या खिडकीत तो मावत नव्हता आणि वाईट दिसत होता.

मे महिना, चार दिवस, अकरा वस्त्या. त्याच दुपारी दोन टँकर गेले, पण त्या चार दिवसांत तिथल्या बायकांनी किती किलोमीटर हंडे वाहिले असतील याचा हिशोब माझ्याकडे नाही. मिलिंद मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी जे वाचायला घेतलं, ते होतं डॉ. जॉन स्नो.

नाव अनेकांना माहीत असेल. १८५४ च्या ३१ ऑगस्टच्या रात्री लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ भडकली. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं गेली, शेवटी आकडा ६१६ वर पोचला. त्या काळी बहुतेक डॉक्टरांना वाटे की कॉलरा घाणेरड्या हवेतून पसरतो. स्नोला आधीपासून पाण्याचा संशय होता. त्याने सरकारी नोंदणी कचेरीतून मृतांची यादी पत्त्यांसकट मिळवली आणि दारोदार फिरला. ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाकडे सगळ्या खुणा जात होत्या. ७ सप्टेंबरला तो तिथल्या मंडळासमोर बोलला, ८ ला पंपाचा दांडा काढला गेला.

गोष्ट नेहमी अशी सांगतात की स्नोने नकाशा काढला, नकाशावर ठिपके पाहिले, आणि त्याला युरेका झालं. तसं नाहीये. नकाशा नंतरचा आहे. डिसेंबर १८५४ मध्ये त्याने तो एका सभेत दाखवला आणि १८५५ मध्ये पुस्तकात छापला. दांडा निघेपर्यंत साथ ओसरायलाही लागली होती, कारण निम्मा भाग घरं सोडून पळाला होता. म्हणजे नकाशा त्याला स्वतःला शोध लागावा म्हणून नव्हता, दुसऱ्यांना पटावं म्हणून होता. आपल्या टाचण्यांचंही काम बहुतेक वेळा हेच असतं. मिलिंदला कुठली वस्ती कुठे ते पाठ आहे. नकाशा हवा होता तो देणगीदारांसाठी, ड्रायव्हरसाठी आणि नव्या कार्यकर्त्यांसाठी.

पण मला त्या रात्री अडकवून ठेवलं ते एका साध्या गोष्टीने. स्नोने मृत्यू कसे दाखवले? ठिपक्याने नाही. प्रत्येक मृत्यूसाठी एक छोटी काळी रेघ, आणि एका घरात चार गेले असतील तर चार रेघा, एकीला लागून एक, रस्त्यापासून आत रचत नेलेल्या. ब्रॉड स्ट्रीटवर या रेघांचे अक्षरशः ढीग झालेत. एकाच जागी पडलेल्या गोष्टींनी एकमेकींना झाकायचं नाही, हा प्रश्न त्या माणसाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोडवला होता, आणि मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहून त्याच खड्ड्यात पडलो होतो.

अजून एक गंमत. स्नोच्या पहिल्या नकाशात खुद्द ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचीच खूण किंचित चुकीच्या जागी होती. पुढे १८५५ मध्ये तिथल्या चौकशी समितीच्या अहवालासाठी त्याने नकाशा पुन्हा केला, तेव्हा ती सरकवून बरोबर केली. आणि त्या दुसऱ्या नकाशात एक तुटक रेघ वाढवली: जिथून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि शेजारचा दुसरा पंप सारख्याच अंतरावर पडतात ती हद्द. अंतर सरळ रेषेत मोजलेलं नाही बरं का, रस्त्याने चालत जाऊन जेवढं पडेल तेवढं. पाणी आणायला जाणारा माणूस घरांच्या भिंतींमधून जात नाही, हे त्याच्या लक्षात होतं. (माझ्या पहिल्या नकाशात "जवळची विहीर" सरळ रेषेत मोजलेली होती. मध्ये ओढा असला तरी.)

आणि नकाशावर जे रिकामं होतं त्याचाही त्याने हिशोब दिला. पंपाच्या अगदी जवळच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरीबखान्यात, ५३५ माणसं होती, मेली फक्त पाच. तिथे स्वतःची विहीर होती. शेजारच्या दारूभट्टीतल्या सत्तरेक कामगारांपैकी कॉलऱ्याने कुणीच गेलं नाही. त्यांना फुकट बिअर मिळे, पंपाचं पाणी पीतच नसत. उलट दूर हॅम्पस्टेडमध्ये एक म्हातारी बाई गेली, तिथे साथ नव्हतीच. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती रोज बाटली भरून मागवायची. तिची खूण नकाशावर मावतच नव्हती. ती स्नोने मजकुरात लिहिली. खिडकीत मावत नाही म्हणून गाळली नाही.

मृत्यूंच्या रेघा हा एक थर, पंप हा दुसरा, खाली रस्त्यांचा तिसरा. थर ही कल्पना तशी जुनीच. माझे काका सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या टेबलावर ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्या, रोट्रिंगची पेनं, चुकलेली शाई खरवडायला अर्धं ब्लेड, आणि खोलीभर अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत पाणी आणणारा वास. एका ट्रेसिंगवर जमिनीचे गट, दुसऱ्यावर नाले, तिसऱ्यावर रस्ता. एकावर एक ठेवून खालून दिवा लावायचा. "आता बघ, रस्ता कुणाच्या विहिरीतून जातोय," असं म्हणायचे. अमेरिकेत इयन मॅकहार्ग या लँडस्केप आर्किटेक्टने हीच रीत पद्धतशीर मांडली, १९६९ च्या 'डिझाइन विथ नेचर' या पुस्तकात. महामार्गाची आखणी करताना पूर, उतार, जंगल, वस्ती अशा एकेका गोष्टीचा पारदर्शक कागद, जिथे नुकसान जास्त तिथे रंग गडद, आणि सगळे रचल्यावर जिथून सर्वांत जास्त उजेड येईल तिथून रस्ता न्यायचा. साधारण त्याच दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन हे थर कॉम्प्युटरमध्ये घालत होता, कारण अख्ख्या देशाच्या जमिनीचे कागद हाताने रचायला माणसंच पुरणार नव्हती. आज आपण ज्याला जीआयएस म्हणतो त्याची सुरुवात तिथली.

ब्राउझरमध्ये मात्र हे सगळं यायला उशीर लागला. १९९३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेने वेबवर पहिला हलता नकाशा टाकला. हलता म्हणजे काय, तर लिंकवर क्लिक करा, सर्व्हर नवीन चित्र काढणार, पूर्ण पान परत येणार. १९९६ मध्ये मॅपक्वेस्ट आलं, तेही त्याच जातीचं. डायल-अपवर एकेक क्लिक म्हणजे एक घोट चहा.

मग आली २००५ सालची ८ फेब्रुवारी. ज्यांनी तेव्हा पाहिलंय त्यांना आठवत असेल. गूगल मॅप्सचा नकाशा माऊसने धरून ओढता येत होता! पान रिकामं न होता! मी पहिल्या दिवशी किती वेळ नुसता अमेरिका इकडून तिकडे ओढत बसलो होतो, सांगायला लाज वाटते. (आपल्याकडचे रस्ते तेव्हा त्यात नव्हतेच.) मुळात हे सिडनीतल्या व्हेअर टू टेक्नॉलॉजीज नावाच्या चौघांच्या कंपनीचं डेस्कटॉपवरचं सी प्लस प्लस प्रोग्रॅम होतं: लार्स आणि येन्स रासमुसेन हे डॅनिश भाऊ, नोएल गॉर्डन आणि स्टीफन मा. गूगलने २००४ मध्ये ती विकत घेतली आणि ते सगळं ब्राउझरमध्ये बसवलं. युक्ती साधी होती. जगाचा नकाशा आधीच कापून ठेवायचा, २५६ बाय २५६ पिक्सेलच्या फरशांमध्ये. झूम शून्यला अख्खं जग एका फरशीत. प्रत्येक पायरीला एका फरशीच्या चार होतात. अठराव्या पायरीला हा आकडा ६,८७१ कोटींच्या वर जातो. तुम्ही नकाशा ओढता तेव्हा जावास्क्रिप्ट पडद्यामागून फक्त लागणाऱ्या फरशा मागवतं आणि जोडत जातं. याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेटने या प्रकाराला 'एजॅक्स' असं नाव दिलं आणि पुढची पाच वर्षं आपल्या सगळ्यांच्या बायोडाटात ते येऊन बसलं. :-)

त्या नकाशावरची लाल टाचणी येन्स रासमुसेनची. उलटा थेंब, खाली टोक. आता ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. टोकामागचा विचार असा की खूण मोठी दिसावी पण जिथे खूण करतोय ती जागा झाकली जाऊ नये. ठिपका जागा झाकतो, टाचणी वर उभी राहते आणि फक्त टोकाने टेकते. खरंच सुंदर कल्पना. फक्त त्यामुळे एक गोष्ट झाली. टोक म्हटलं की "इथेच" आलं. "इथे कुठेतरी" म्हणायची सोय त्या आकारात नाही.

गूगलने सुरुवातीला प्रोग्रॅमरना त्या नकाशाची दारं उघडून दिलीच नव्हती. पॉल राडेमाकर ड्रीमवर्क्समध्ये ॲनिमेशनचं काम करायचा आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात भाड्याने घर शोधत होता. क्रेगलिस्टवरच्या जाहिरातींच्या प्रिंटा आणि नकाशा हातात घेऊन फिरून तो वैतागला, आणि त्याने गूगलचं जावास्क्रिप्ट उकलून त्यावर जाहिरातींच्या टाचण्या लावल्या. एप्रिल २००५, 'हाउसिंगमॅप्स'. मे महिन्यात एड्रियन होलोव्हाटीने शिकागोच्या पोलिसांच्या नोंदी नकाशावर टाकल्या. गूगलच्या जागी दुसरं कुणी असतं तर कदाचित वकिलाची नोटीस गेली असती. त्यांनी २९ जूनला अधिकृत एपीआय खुला केला आणि पुढे राडेमाकरला नोकरीही दिली. त्यानंतर जगातल्या प्रत्येक हॉटेलच्या 'संपर्क' पानावर टाचणी उगवली.

पुढचं पटकन सांगतो. २००६ मध्ये मेटाकार्टा या कंपनीने ओपनलेयर्स ही मुक्त लायब्ररी आणली. नावातच लेयर, आणि खरोखर कुठलाही थर कुठल्याही थरावर ठेवायची ताकद तिच्यात होती, पण शिकायला डोंगर. मे २०११ मध्ये कीव्हच्या व्लादिमिर अगाफोन्किनने लीफलेट आणली. छोटीशी, चाळीसेक केबीची, दहा ओळींत नकाशा उभा. मी हीच वापरतो. तिच्या आत डोकावून पाहिलंत तर काकांचं टेबल दिसेल. पानावर एकावर एक तावदानं रचलेली आहेत आणि प्रत्येकाला उंचीचा आकडा आहे. फरशा २०० वर, रेघा आणि आकार ४०० वर, टाचण्यांच्या सावल्या ५०० वर, टाचण्या ६०० वर, क्लिकच्या खिडक्या ७०० वर. सावल्यांना वेगळं तावदान का, तर एका टाचणीची सावली शेजारणीच्या अंगावर पडू नये म्हणून. आणि टाचण्यांमध्ये जी दक्षिणेला ती पुढे. इतका बारीक विचार केलेला आहे. फक्त दोन टाचण्या तंतोतंत एकाच बिंदूवर असतील तर काय, याचं उत्तर लायब्ररी तुमच्यावर सोडते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतरच्या १.८ आवृत्तीत अगाफोन्किनने नकाशाच्या कोपऱ्यातल्या श्रेयाच्या ओळीत युक्रेनचा चिमुकला झेंडा टाकला. मिलिंदच्या भिंतीवरच्या प्रिंटमध्येही तो आला होता. त्याला वाटलं, छपाईचा डाग आहे.

आता कॅन्ससचं सांगतो, कारण ते वाचलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि मी उठून बसलो.

अमेरिकेत मॅक्समाइंड नावाची कंपनी आयपी पत्त्यावरून जागा सांगणारा डेटाबेस विकते. कित्येक पत्त्यांबद्दल त्यांना एवढंच माहीत असे की हा अमेरिकेतला आहे. मग आकडे काय द्यायचे? त्यांनी देशाचा मध्यबिंदू घेतला. तो खरं तर साधारण ३९ अंश ५० मिनिटं उत्तर, ९८ अंश ३५ मिनिटं पश्चिम. हे ओबडधोबड वाटतं म्हणून ३८ आणि ९७ असे गुळगुळीत आकडे केले. ३८ उत्तर, ९७ पश्चिम हा बिंदू पडतो कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराच्या अंगणात. एप्रिल २०१६ मध्ये कश्मीर हिल या पत्रकाराने हे उजेडात आणलं, तोवर ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या अंगणाकडे बोट दाखवत होते. चोरलेले फोन, फसवणुकीचे ईमेल, हरवलेली माणसं, सगळ्यांचा माग काढत पोलीस, एफबीआय, करवसुलीवाले त्या घराच्या दारात येत होते. मालकीण बाई वयस्कर, घरात राहणारे भाडेकरू, कुणालाच वर्षानुवर्षं कळत नव्हतं की हे आपल्याच वाट्याला का. कंपनीचं म्हणणं, हा डेटा घर शोधण्यासाठी नव्हताच. खरंही आहे ते. पण डेटा वापरणाऱ्याने नकाशावर टाचणी लावली, आणि टाचणीच्या टोकाखाली घर होतं. बातमीनंतर कंपनीने तो बिंदू हलवला. कुठे? विचिटाच्या पश्चिमेच्या एका तलावात. पाण्यात कुणाचं दार वाजवणार?

माझ्या एसटी स्टँडाच्या बाबतीत उलटं झालं. तिथे नसलेल्या गोष्टीकडे माणसं आली, इथे असलेल्या गोष्टीकडे कुणी गेलं नाही. चूक मात्र तीच. "माहीत नाही" असं लिहायला दोन आकड्यांच्या रकान्यात जागा नसते. काही ना काही भरावंच लागतं, आणि एकदा भरलं की तो आकडा बाकीच्यांसारखाच दिसायला लागतो.

दुसऱ्या रविवारी नकाशा पुन्हा लिहायला घेतला. गाळलेला रकाना परत आणला. ज्या जागा कुणी फोन हातात घेऊन प्रत्यक्ष तिथे उभं राहून नोंदवल्या आहेत, फक्त त्यांनाच टाचणी. बाकीच्यांना फिकट केशरी वर्तुळ, पाच किलोमीटर त्रिज्येचं, आणि त्यांचा स्वतंत्र थर, जो बंद करायची चौकटच ठेवली नाही. वर्तुळं दिसायला बेंगरूळ आहेत. मिलिंदचा एक सहकारी म्हणाला, "नकाशाला गजकर्ण झालंय." होऊ दे. एकाच बिंदूवर एकापेक्षा जास्त काही असेल तर आता तिथे आकडा उमटतो. क्लस्टरसाठी लीफलेटचं तयार प्लगिन आहे, अर्ध्या तासाचं काम, पहिल्या दिवशीच केलं असतं तर एसटी स्टँडवर मोठ्या अक्षरात ११ दिसलं असतं. प्रिंटवर खाली एकूण किती वस्त्या शीटमध्ये आणि किती चित्रात, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापतो. दोन्ही सारखे नसतील तर प्रिंटच निघत नाही.

मग मिलिंदची पोरं मोटरसायकलवर निघाली. एकेक वर्तुळ विझत गेलं आणि त्या जागी टाचणी आली. फोन केलेल्या बाईंची वस्ती एसटी स्टँडपासून चौदा किलोमीटरवर निघाली, म्हणजे माझ्या पाच किलोमीटरच्या वर्तुळाच्याही बाहेर. तेव्हा त्रिज्याही वाढवली. दोन वस्त्या शीटमध्ये वेगवेगळ्या नावांनी होत्या पण प्रत्यक्षात एकच. एक वस्ती धरणाखाली गेल्यावर उठून दुसरीकडे बसलेली, नाव जुनंच.

दहा झाल्या. अकरावीचं वर्तुळ अजून तसंच आहे. ती धनगरवस्ती. पोरगा तिथे जाऊन आला आणि मिलिंदने मला रात्री फोन केला.

"मेंढरं आणि कर्ते लोक दिवाळीनंतर कोकणात उतरतात. पावसाच्या तोंडावर परत येतात. मागे तीन घरं राहतात, तीही चाऱ्याप्रमाणे माळावर इकडे-तिकडे सरकतात. मागच्या महिन्यात टेकडीच्या अल्याड होते, आता पल्याड. टाचणी कुठे लावू, सांग."

मी विचारलं, सध्या तिथे माणसं किती आहेत.

"दोन म्हाताऱ्या, एक आजोबा, चार शेळ्या. पाणी लागतंच की."

"मग ड्रायव्हर जातो कसा?"

"फोन करतो आजोबांना. आजोबा टेकडीवर चढून टॉवेल हलवतात."

वर्तुळ राहू दिलंय. क्लिक केलं की खिडकीत आजोबांचा नंबर येतो, आणि त्याखाली एक ओळ: निघायच्या आधी फोन करा.